पेरादेनियातलं जायफळ

श्रीलंकेच्या सहलींना मी नऊ वर्षं टूर लीडर म्हणून जातोय. कँडीजवळची पेरादेनियाची बाग त्यात ठरलेली. महावेली नदीच्या वळणात वसलेली, १८२१ साली सुरू झालेली, साठेक हेक्टरांची. बागेतला गाइड इंग्रजीत सांगतो, मी मराठीत सांगतो. दीड तासात आटपायचं, कारण संध्याकाळी कँडीच्या दंतमंदिरातली, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळातली, पूजा गाठायची असते.

त्या खेपेला गटात कोकणातल्या एक काकू होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. पहिले चार दिवस त्या फारसं बोलल्याच नव्हत्या. बागेत मात्र गाइडच्या बरोबरीने सगळ्यांच्या पुढे.

पुढे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने १९०१ साली लावलेल्या झाडापाशी आम्ही थांबलो. फळांच्या भाराने वाकलेलं झाड. मी नेहमीप्रमाणे ‘तोफगोळ्याचं झाड’ असं मराठी केलं. काकूंनी खाली पडलेलं फूल उचललं आणि पाकळीच्या फण्याखालची पिंड मला दाखवली. “अरे, हा कैलासपती!” गाइड म्हणाला, आमच्याकडे याला ‘सल्’ म्हणतात आणि हे फूल बुद्धाला वाहतात. नऊ वर्षांत हे मी त्याला विचारलंच नव्हतं. इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ सांगून मी पुढे जात होतो, आणि माझ्या गटातल्या कितीतरी माणसांना ते झाड ओळखीचं असणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मसाल्यांच्या भागात जायफळाची उंच, जुनी झाडं आहेत. गाइडने खाली पडलेलं एक फळ उचललं. पिवळट, शिवणीवर उकललेलं, आत काळपट तपकिरी कवच आणि त्याभोवती लालभडक जाळी. इकडे जायफळाला ‘सादिक्का’ म्हणतात, जायपत्रीला ‘वसावासी’. काकूंनी ती जाळी नखाने टोकाकडून हलकेच सोडवत आणली, कुठेही न तुटता, अख्खी. ओल्या पत्रीचा वास आम्हा सगळ्यांना आला. मग त्यांनी मान वर करून झाड न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, “त्याला विचार, इथे नर किती?”

मी विचारलं, आणि तो चालायचा थांबलाच. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं. रोप बियांपासून केलेलं असेल तर फुलं येईपर्यंत ते कळत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षं सहज जातात. गाइड म्हणाला, माझ्या वडिलांनी घरामागे नऊ रोपं लावली होती, त्यातली पाच नर निघाली. परागासाठी एक ठेवून बाकीची तोडायचं घरात चाललंय.

“तोडू नको म्हणावं त्याला!” काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पुढे गेलेली माणसं मागे वळली.

त्यांनी दोन वाळक्या काटक्या उचलल्या आणि गाइडच्या खिशातला छोटा चाकू मागून घेतला. एका काटकीला उभी चीर दिली, दुसरीला पाचरीसारखं टोक केलं, ते चिरेत बसवलं. बांधायला काही नव्हतं, तेव्हा माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत मागितली. मी ती कापून दिली. नराचा शेंडा छाटायचा, नवे कोंब फुटू द्यायचे आणि त्यांवर मादीच्या काडीचं कलम बांधायचं. “काडी उभ्या फांदीची घे. आडव्या फांदीची घेतलीस तर झाड पसरतं, वर चढत नाही.” माझं भाषांतर अर्ध्यातच असताना तो मान डोलवू लागायचा. तिसऱ्या-चौथ्या वाक्यानंतर दोघं काटक्यांवर वाकून हातांच्या खुणांनीच बोलत होती. मी गप्प उभा राहिलो.

यात पंचवीस मिनिटं गेली. ऑर्किडचं घर राहिलं, आणि दोघातिघांनी नाराजी दाखवली. त्यांचं चूक नव्हतं, पण त्यांना तिथून उठवायला माझी जीभ रेटली नाही.

जाताना वाटेत सेशेल्सहून आणलेले दर्यायी नारळाचे माड लागले. जगातलं सर्वांत मोठं बी यांचं, पंधरा किलोच्या वर जाणारं, आणि फळ पिकायला पुन्हा सहा-सात वर्षं. “यातही नर-मादी वेगळे,” गाइड आपणहून म्हणाला आणि काकूंकडे बघत राहिला. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं. एका माडाच्या पानांतून हातभर लांब, जाड, तपकिरी तुरा लोंबत होता. “हा बाप्या,” त्या म्हणाल्या. मी भाषांतर करायच्या आत तो “येस, अम्मा” म्हणाला.

“याला मात्र कलम नाही हो करता येत,” काकू मला म्हणाल्या.

फाटकाशी मी गाइडचा हिशेब चुकता करत होतो, तेव्हा माझ्या फितीने बांधलेली ती काटकी त्याच्या शर्टाच्या खिशातून वर डोकावत होती.