तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चौकोनांत मी एवढं काय बघते?

"चौकोन आणि रेषा तर कोणीही काढेल, त्यात एवढा वेळ उभं राहून काय बघतेस?" नुसत्या चौकोन-रेषांच्या अमूर्त चित्रांबद्दल हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते.

आधी अर्थ शोधणं सोडा. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती असलं काही लावत बसलात की चित्र बघायचं राहूनच जातं. मी बघते ते कोण कोणाशेजारी बसलंय आणि त्याने काय होतंय, बस.

डच चित्रकार पीट मोन्द्रियानचं १९३० सालचं लाल-निळा-पिवळावालं चित्र घ्या, नेटवर लगेच सापडेल. उजवीकडे वर भलामोठा लाल चौकोन, निम्म्याहून जास्त जागा त्यानेच खाल्लीय, खाली डाव्या कोपऱ्यात निळा आणि उजव्या कोपऱ्यात अगदी चिमूटभर पिवळा. आता तो निळा बोटाने झाका. सगळं चित्र उजवीकडे कललं ना? बोट काढा, परत जागेवर. म्हणजे एवढासा निळा त्या अख्ख्या लालला तोलून धरतोय, आणि हे मापाने नाही, रंगाच्या वजनाने. शिवाय काळ्या रेषा सगळ्या सारख्या जाडीच्या नाहीत, तेही मुद्दामच.

दुसरा माझा लाडका म्हणजे चित्रकार जोसेफ आल्बर्स. या माणसाने १९५० पासून १९७६ मध्ये जाईपर्यंत चौकोनात चौकोन काढणं सोडलं नाही, अशी हजाराच्या वर चित्रं! रंग बहुतेक ट्यूबमधून थेट, पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) हार्डबोर्डवर, आणि कुठला रंग कुठल्या कंपनीचा हे मागे लिहून ठेवायचा. आतले चौकोन मधोमध नसतात, खाली सरकलेले असतात, त्यामुळे काही चित्रांत आतला चौकोन पुढे येतोय की खोल जातोय हे ठरतच नाही, बघता बघता उलटं होतं. तोच राखाडी पिवळ्यावर ठेवला तर निळसर वाटतो, निळ्यावर ठेवला तर जरा उबदार. खोटं वाटत असेल तर रंगीत कागद कापून करून बघा.

सगळंच आवडतं असं नाही हं, डोळे गरगरवणारी ऑप आर्टमधली, म्हणजे दृष्टिभ्रमावर चालणारी, बरीच चित्रं माझ्यासाठी दोन मिनिटांत संपतात. आणि कोणीही काढेल म्हणाल तर कॉपी काढेलच की, पण तो निळा नेमका तेवढाच आणि तिथेच, हे कोण ठरवणार?