ट्रॉम्बेत प्रोपेनची चाल मोजताना

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर बीमटाइम, म्हणजे न्यूट्रॉनच्या झोतावर प्रयोगासाठी ठरलेला वेळ, मिळाला. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तो यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत मिळतो. प्रस्ताव, पासची कागदपत्रं, गेटवर मोबाइल जमा. हे सगळं रीतसर झालं.

माझं सॅम्पल म्हणजे सोडियम-वाय झिओलाइट या सच्छिद्र स्फटिकाच्या साधारण 12 अँगस्ट्रॉमच्या (मीटरच्या अब्जांशाहून जरा मोठ्या) पोकळ्यांत मुरवलेला प्रोपेन वायू. रेणू आत सलग सरकतो की थांबत थांबत उड्या मारतो, हे मला बघायचं होतं. न्यूट्रॉनला हायड्रोजन फार ठळक दिसतो: त्याचा काटछेद (न्यूट्रॉन किती विखुरतो याचं माप, एकक बार्न) 80 बार्नच्या वर, तर कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉनचे एकआकडी. प्रोपेनच्या एका रेणूत आठ हायड्रोजन असतात. त्यांच्यापुढे झिओलाइटची चौकट फिकी पडते.

याच गुणापायी माझे दोन दिवस गेले. सॅम्पलमध्ये काही हलत असलं की विखुरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा थोडी बदलते आणि आलेखातलं पीक रुंद होतं. म्हणून आधी व्हॅनेडियम हा धातू, ज्यात असं काही हलत नाही, लावून उपकरणाचं रिझोल्यूशन, म्हणजे पीकची उपकरणामुळेच येणारी रुंदी, घेतलं. 5 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रॉनला सुमारे 200 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट. मग रिकामा झिओलाइट. त्यात काही हलतच नाही, म्हणजे पीक व्हॅनेडियमसारखंच यायला हवं. पण ते पायथ्याशी पसरलं होतं. मी रात्रभर फिटिंग बदलत बसले. सकाळी तिथल्या सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "डबा भरताना पावडर उघड्यावर किती वेळ होती?"

जेमतेम दहा मिनिटं. पण जुलैतली मुंबई, आणि झिओलाइट तर पाण्याला टपलेलाच. त्यानं हवेतली ओल शोषली होती आणि मी त्या पाण्याचा हायड्रोजन मोजत होते.

सगळं पुन्हा केलं. निर्वातात 350 अंशांपर्यंत तापवलं, तेही हळूहळू, कारण एकदम तापवलं तर आतल्या वाफेनं चौकटच खराब होते. मग कोरड्या नायट्रोजनच्या ग्लोव्हबॅगमध्ये (हातमोजे जोडलेल्या बंद पिशवीत) ॲल्युमिनियमचा डबा भरला. झाकणाच्या खाचेत इंडियमची तार घातली. ती इतकी मऊ असते की नखाचा व्रण उमटतो. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेले की ती दबून फट बुजवते. हे काम घाईनं होत नाही, सील एका बाजूला पातळ राहतं.

या वेळी रिकाम्या झिओलाइटचं पीक व्हॅनेडियमवर बरोबर बसलं. तेव्हा कुठे प्रोपेन भरलेला डबा लावला. एकेका तापमानाला दिवस-दीड दिवस लागला.

साध्या विसरणात, म्हणजे रेणू सलग सरकत असेल तर, पीकची अर्धरुंदी क्यूच्या (विखुरताना न्यूट्रॉनच्या संवेगात होणाऱ्या बदलाच्या) वर्गाबरोबर सरळ रेषेत वाढते. माझी रेषा सुरुवातीला तशी गेली, मग वाकली आणि आडवी होत गेली. म्हणजे उड्याच! चडली आणि एलियट यांनी 1961 मध्ये मांडलेल्या उड्यांच्या मॉडेलमधून दोन उड्यांमध्ये थांबण्याचा वेळ काढला. तो काही पिकोसेकंदांचा निघाला (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). तापमान वाढवलं तसा आडवा भाग वर सरकला, थांबण्याचा वेळ घटला.

प्रबंधात मी ओल शोषलेल्या झिओलाइटचा स्पेक्ट्रमही ठेवलाय, नीट सुकवलेल्याच्या शेजारी.