रामोसच्या थडग्यात तुलना शिकवताना: लक्सॉरला विद्यार्थी नेणाऱ्यांसाठी

इजिप्तमधल्या लक्सॉरला नाईलच्या पश्चिम काठावर उतरलं की सहली सरळ राजांच्या दरीकडे वळतात. रंग पाहायला ती दरी उत्तमच. पण कलेची तुलना शिकवायची असेल, तर शेख अब्द अल-कुर्ना टेकडीवरचं वजीर रामोसचं थडगं, टीटी ५५ (थीबन टूम, म्हणजे थीब्जमधलं थडगं क्र. ५५), आधी घ्या. तिकीट थडग्यापाशी मिळत नाही, मेमनॉनच्या पुतळ्यांजवळच्या तिकीटघरात काढावं लागतं. ते विसरलात तर उन्हात उलटी पायपीट ठरलेली. आत फक्त पेन्सिली न्या. भिंतीपासून हातभर लांब उभं राहा आणि फ्लॅश बंद ठेवा.

दालनाची पश्चिम भिंत हाच इथला खरा धडा. दाराच्या डाव्या बाजूला चौथा आमेनहोतेप (हाच पुढे अखेनातेन झाला) सत्य आणि सुव्यवस्थेची देवी मात हिच्यासोबत छत्राखाली बसलाय, अगदी जुन्या रीतीने. उजव्या बाजूला तोच राजा राणी नेफरतितीसोबत दर्शन-गवाक्षात, म्हणजे राजा लोकांना दर्शन देई त्या खिडकीत, उभा आहे, वर आतेनचे, म्हणजे सूर्यबिंब-देवाचे, किरण आणि शरीरं नव्या आमार्ना शैलीत, म्हणजे याच राजाच्या काळातल्या शैलीत. थडगं एक, दगड एक, राजा एक. बदलली ती शैली. त्यामुळे ‘अखेनातेन आजारी होता म्हणून तसा दिसतो’ हे विद्यार्थ्यांचं आवडतं उत्तर इथे लंगडं पडतं. डावीकडचा राजा कोण, एवढंच विचारा.

पहिली दहा मिनिटं नुसतं वर्णन लिहून घ्या, अर्थ लावू देऊ नका. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूने, हे प्रत्येकाने स्वतः शोधायला हवं. ‘त्यांना यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) जमत नव्हतं’ असं वाक्य कागदावर आलं, तर ते खोडायला लावून ‘काय दाखवायचं ठरवलं होतं?’ असं लिहायला सांगा.

मग मोजमाप, पण भिंतीवर नव्हे, फोटोवर. कॅमेरा भिंतीच्या अगदी समोर धरा. तिरपा फोटो सगळी प्रमाणं बिघडवतो. इजिप्तचे कलाकार आकृती चौकोनांच्या जाळीवर बेतत. पारंपरिक उभ्या आकृतीत तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन: गुडघा ६ वर, नितंबाची खालची कड ९ वर, खांदा १६ वर. बसलेल्या आकृतीला १४. आमार्नात उभ्या आकृतीचे २० होतात. वाढ गळा-चेहरा आणि धडात पडते. हमखास होणारी गडबड म्हणजे मुकुटाच्या किंवा केसांच्या टोपाच्या टोकापर्यंत मोजणं. मोजायचं ते कपाळावर केस सुरू होतात तिथपर्यंत.

पूर्वेच्या भिंतीवरचे कोरलेले मेजवानीचे पाहुणे शेवटी पाहा. टोपाची एकेक बट कोरलीय, पण रंग म्हणाल तर डोळ्यांच्या काळ्या रेघा, बस्स. पश्चिम भिंतीच्या उजव्या भागातल्या परदेशी दूतांच्या आकृत्या मात्र नुसत्या काळ्या शाईतच राहिल्या आहेत. काम कसं चालायचं ते तिथे आयतंच कळतं. दक्षिणेची रडणाऱ्या बायकांची अंत्ययात्रा मोहक आहे, पण ती रंगचित्र आहे. कोरीवकामाशी तिची तुलना करायला लावलीत, तर माध्यम आणि शैली दोन्ही एकदम बदलतात आणि मुलं गोंधळतात.

दुसरा टप्पा लक्सॉर संग्रहालय. कर्नाक मंदिराच्या नवव्या पायलॉनच्या (भव्य प्रवेशद्वाराच्या) पोटातून निघालेल्या २८३ तलातात दगडांची, म्हणजे अखेनातेनच्या बांधकामातल्या छोट्या ठोकळ्यांची, भिंत तिथे जोडून उभी केली आहे. आमार्ना शैलीचं मोजमाप तिथे पुन्हा करा, मात्र आधी मूळ दगड कुठले आणि मधली भर कुठली, हे विद्यार्थ्यांनी कागदावर रेखून घ्यावं. संग्रहालय दुपारी बंद असू शकतं, आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा.