फुकट बोटीचं बेट

न्यूयॉर्कला आलेल्या पाहुण्याला तिथला मराठी यजमान एक सल्ला हमखास देतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा लांबून बघायचा असेल तर तिकिटाच्या भानगडीत पडू नका, स्टेटन आयलंडची बोट पकडा, फुकट आहे! फुकट म्हटल्यावर आपण कशाला थांबतोय? मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ती केशरी रंगाची अवाढव्य बोट लागते, दारं उघडतात आणि सगळी पब्लिक धावत उजव्या कठड्याला जाऊन चिकटते. रोजचे चाकरमानी आत बाकावर डोळे मिटून बसलेले असतात. पुतळा त्यांच्या कधीच गावीही नसतो.

पंचवीस मिनिटांनी बेट येतं. नियमाप्रमाणे सगळ्यांना उतरावंच लागतं. मग चाकरमानी बसस्टॉपकडे जातात आणि पाहुणे वळसा घालून परत त्याच बोटीच्या रांगेत. मॅनहॅटनच्या दुपटीहून मोठं बेट, पाच लाखांच्या आसपास वस्ती, आणि लोक त्याच्याकडे पाठ फिरवून सेल्फी काढतात. मला तरी हे जरा अपमानास्पद वाटतं.

नकाशात पाहिलं तर हे बेट न्यू जर्सीच्या कुशीत आहे. मग न्यूयॉर्कचं कसं? दंतकथा अशी, की चोवीस तासांच्या आत ज्या बेटाला जहाजातून फेरी मारता येईल ते न्यूयॉर्कचं, असं ठरलं आणि क्रिस्टोफर बिलॉप नावाच्या कप्तानाने ती मारून दाखवली. इतिहासकार यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. बिलॉपचं दगडी घर मात्र खरं. बेटाच्या पार दक्षिण टोकाला ते अजून उभं आहे. ११ सप्टेंबर १७७६ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकनांतर्फे बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अॅडम्स तहाची बोलणी करायला तिथेच आले होते. इंग्रजांचे अॅडमिरल हाव यांनी पाहुणचार चोख केला; बोलणी फिसकटली.

शहराला जे जे नकोसं, ते ते या बेटाच्या वाट्याला आलं. आज बोट लागते तिथून हाकेच्या अंतरावर साथीच्या रोग्यांचं क्वारंटाइन रुग्णालय होतं. पीतज्वर गावात पसरतो म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्जविनंत्या करून थकले, आणि सप्टेंबर १८५८ मध्ये त्यांनी आधी रोग्यांना बाहेर काढून दोन रात्रींत ते जाळून टाकलं. न्यायाधीशाने पुढाऱ्यांना सोडून दिलं. स्वसंरक्षण म्हणे!

१८९८ मध्ये बेट शहरात सामील झालं, शहराच्या पाच 'बरों'पैकी, म्हणजे विभागांपैकी, एक बनलं. पण एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावासारखं. खर्चात धरलेलं, विचारात नाही. भुयारी रेल्वे त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. ब्रुकलिनला जोडणारा व्हेराझानो पूल झाला तो थेट १९६४ मध्ये. त्याआधी १९४८ साली बेटावरच्याच फ्रेश किल्स इथल्या पाणथळीत कचरा टाकायला सुरुवात झाली होती, ती 'तात्पुरती' म्हणून. हे तात्पुरतं त्रेपन्न वर्षं चाललं. शेवटी शेवटी साऱ्या शहराचा घरगुती कचरा तराफ्यांवरून तिथेच येऊन पडायचा. वारा फिरला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे का, हा तिथल्या बायकांचा रोजचा प्रश्न असणार, दुसरं काय.

नोव्हेंबर १९९३ मध्ये बेटाने वाटणी मागितली. शहरातून फुटून निघावं का, यावर मतदान झालं आणि सुमारे ६५ टक्के लोक 'हो' म्हणाले. राज्याच्या विधानसभेत प्रकरण अडकलं ते अडकलंच. पण त्याच दिवशी या बेटाच्या भरघोस मतांवर रुडी जुलियानी महापौर झाले होते, त्यांना ते विसरून चालणार नव्हतं. १९९७ मध्ये बोटीचं भाडं रद्द झालं. २००१ च्या मार्चमध्ये नेहमीच्या कचऱ्याचा शेवटचा तराफा आला. आता त्या टेकड्यांवर गवत उगवलंय आणि तिथे टप्प्याटप्प्याने उद्यान होतंय.

पुलाचा टोल मात्र काही गेला नाही. स्थानिकांना सवलत आहे, पण तिथल्या कुणाशी गप्पा मारायला बसलात, तर गाडी बहुधा टोलवरच येते.