कॅनरी बेटांची हवा आणि मोर्शीचा संत्रा

माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो आणि तिथली थंडी अंगावर आली की स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांवर जाऊन येतो. तिथून फोनवर बोलताना त्याचे एक वाक्य ठरलेले असते, "मामाजी, इथे पंखाही लागत नाही अन् स्वेटरही लागत नाही." अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग सांभाळणाऱ्या आणि मे महिन्यात कूलरसमोरून न हलणाऱ्या माणसाला हे ऐकून हेवा वाटणे साहजिक आहे, तसा तो मलाही वाटला. परंतु त्या हवेचे कारण शोधू लागल्यावर हेवा बराच कमी झाला.

ही बेटे साधारण 28 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या रेषेत आहेत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सर्वांत जवळचे बेट शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. समोर सहारा वाळवंट असताना लास पाल्मास शहरात जानेवारीत दिवसाचे तापमान सरासरी 21 अंश आणि ऑगस्टमध्ये 27 अंशांच्या जवळपास राहते. आपल्या नागपुरात डिसेंबरच्या रात्री पारा सरासरी 12-13 अंशांवर उतरतो आणि मे महिन्यातील दुपारी 42 च्या पुढे जातो. फरक अक्षांशाचा नसून समुद्राचा आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यात उत्तरेकडून येणारा थंड कॅनरी प्रवाह या बेटांना वेढून जातो, त्यामुळे तिथले समुद्राचे पाणी हिवाळ्याअखेर 18-19 अंश, तर उन्हाळा सरताना 23-24 अंश एवढेच असते. शिवाय ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे उन्हाळ्यात अधिक नेटाने वाहतात. आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आपल्याकडे अशी मध्यस्थी करणारे कोणी नाही.

मात्र या सुखाची किंमत पाण्याने मोजावी लागते, आणि शेतकऱ्याने नीट पाहावे असे मला तेच वाटते. थंड समुद्रावरची दमट हवा खाली राहते आणि तिच्यावर कोरड्या, उबदार हवेचे झाकण बसते, त्यामुळे ढग फार उंच वाढू शकत नाहीत. टेनेरीफ बेटावर ते डोंगराच्या उत्तर उतारावर अडून राहतात. तेथील पाइन वृक्षांच्या लांब सुईसारख्या पानांवर धुके जमते आणि थेंबाथेंबाने जमिनीत मुरते. दक्षिण उतार मात्र कोरडाच. लास पाल्माससारख्या किनाऱ्यावर वर्षभरात दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. एवढा पाऊस आपल्याकडे कधीकधी एका दिवसात कोसळतो. त्यामुळे तिथली केळी, जी युरोपात आवडीने खाल्ली जातात, ती ओलितावरच पोसली जातात आणि त्या पाण्यासाठी डोंगराच्या पोटात दूरवर बोगदे खोदलेले आहेत.

लांझारोते बेटावरची शेती तर मुद्दाम पाहावी अशी आहे. 1730 ते 1736 या काळात तिथे ज्वालामुखीचा उद्रेक होत राहिला आणि चांगली जमीन काळ्या राखखड्यांखाली गाडली गेली. लोकांनी त्या थरात खोल, पसरट खड्डे करून खालच्या मातीपर्यंत वेल पोहोचवला आणि वारा अडवण्यासाठी खड्ड्याच्या काठावर अर्धगोलाकार दगडी बांध रचला. एका खड्ड्यात द्राक्षाचा बहुधा एकच वेल. वरची राख ओल उडू देत नाही. आपण पऱ्हाट्या आणि पालापाचोळा वाफ्यात पसरतो त्याचेच हे रूप.

आता संत्र्याकडे येतो. नागपुरी संत्र्याला बहार यायचा तर झाडाला ताण बसावा लागतो, म्हणजे त्याची वाढ काही काळ थांबावी लागते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, तो हिवाळ्यातल्या थंडीने बसतो. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्यात पाणी तोडावे लागते. पाने मलूल होतात, कडेने आत वळू लागतात, आणि नवखा माणूस ते पाहून घाबरतो. हलक्या जमिनीत हे लवकर होते. भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते म्हणून वेळ लागतो. मग मृगाचा पाऊस पडला की झाड नव्या पालवीसह फुलावर येते. हवा बारमाही सौम्य आणि पाणीही बारमाही असेल, तिथे लिंबूवर्गीय झाडे वर्षभर थोडीथोडी फुलत राहतात. एकाच झाडावर फूल, बारीक फळ आणि पिकलेले फळ एकत्र दिसते. घरच्या परसात ते शोभते, पण बाग एका तोडीत व्यापाऱ्याला द्यायची असेल तर हिशेब जुळत नाही.

आणि ज्या उन्हाळ्याला आपण शिव्या घालतो, त्यात उपखंडाची जमीन तापते म्हणूनच समुद्रावरचे दमट वारे आत ओढले जातात. मे महिन्यात अवकाळी पाऊस येतो तेव्हा चार दिवस हवा निवते, गावात सगळ्यांना बरे वाटते, बायका वाळवण उचलताना तेवढ्या वैतागतात. बागाईतदार मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखालची माती मुठीत दाबून पाहतो, कारण ती ओली लागली तर ताण तुटलेला असतो आणि मृग बहाराची खात्री राहत नाही.