देर्सिमचे गाऱ्हाणे

झाझा, म्हणजे तुर्कस्तानातील झाझाकी भाषा बोलणाऱ्या समाजाच्या, लोकगीतांविषयी बोलताना त्यांतील उदासीची वाखाणणी एकीकडे होते आणि अध्यात्माचा उल्लेख दुसरीकडे. पूर्व तुर्कस्तानातील देर्सिमची गाणी ऐकताना मला ही फारकत पटत नाही. तिथे शोक हीच प्रार्थनेची एक रीत आहे.

देर्सिमचे झाझा बहुतांशी अलेवी, म्हणजे हजरत अलींना मानणाऱ्या, सुन्नींहून वेगळ्या पंथाचे आहेत. ‘जेम’ या त्यांच्या सामुदायिक उपासनेत स्त्री-पुरुष एकत्र बसतात, तेंबुराच्या साथीने भक्तिपदे गायिली जातात आणि त्या सुरांवर ‘सेमाह’ हे नृत्य होते. या तंतुवाद्याला अलेवी परंपरेत तारांचे कुराण म्हणतात. (दक्षिणेकडील सुन्नी झाझांची भक्ती निराळी, अहमद खासी यांचे झाझाकीतील मौलिद, म्हणजे पैगंबरजन्माचे काव्य, १८९९ मध्ये छापले गेले.) देर्सिममध्ये मुंझुर नदीचे उगम पवित्र, ड्यूझगुन बाबा या संताचा पर्वत पवित्र आणि संकटात धावून येणारा संत खिझिर तर घरातल्यासारखा जवळचा.

१९३७-३८ मध्ये तुर्की सैन्याने तिथे हजारोंचा संहार केला, देर्सिमचे पुढारी सय्यद रिझा यांना एलाझिग येथे फाशी दिले गेले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पश्चिमेकडे हद्दपार केले गेले, म्हणूनच तेव्हा रचलेल्या शोकगीतांत मृतांच्या आणि गावांच्या नावांबरोबरच खिझिराला आणि ड्यूझगुन बाबाला घातलेली आर्त हाक येते. त्या हाकेत रागही असतो. तो मला श्रद्धेचा अभाव वाटत नाही, कारण ज्याच्यावर आपला हक्क आहे त्यालाच माणूस जाब विचारतो.

१९८३ च्या तुर्की कायद्याने झाझाकीसारख्या भाषांतील प्रकाशनावर आणलेली बंदी १९९१ मध्ये उठली. त्यानंतरच्या काळात मेतिन आणि केमाल काहरामान या बंधूंनी वृद्ध गायकांकडून जुनी गाणी मिळवली, तर मिकाइल अस्लान यांनी नव्या वाद्यमेळात झाझाकी गायन रसिकांपर्यंत नेले. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही, युनेस्कोने धोक्यात असलेल्या भाषांमध्ये झाझाकीची नोंद केलेली असताना, मला वृद्धांचे साधे, मोकळ्या लयीतले गायन अधिक मोलाचे वाटते. त्यात सूर शब्दांच्या मागून चालतो आणि मृतांचे प्रत्येक नाव स्पष्ट ऐकू येते.