मोगलीपासून डावीकडे

अमेरिकेच्या पंधरा दिवसांच्या सहलीत ऑरलँडो येईपर्यंत माणसं दमलेली असतात. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन होऊन गेलेलं असतं, घरून आणलेला चिवडा तळाला गेलेला असतो, आणि कोणत्या जोडप्याचं कशावरून वाजतं हे सगळ्या बसला पाठ झालेलं असतं. टूर मॅनेजर म्हणून मी या टप्प्याला जरा टरकूनच असते. त्यात त्या वर्षी आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘डिस्नी रिसॉर्टमध्ये तीन रात्री मुक्काम’. छापलेलं खोटं नव्हतं. पण निघण्याआधीच्या बैठकीत एका बाईंनी विचारलं, “मॅडम, खिडकीतून तो राजवाडा दिसतो का हो?” तेव्हा मी नुसती हसले, उत्तर दिलं नाही. ती चूक माझी.

आम्ही उतरलो ते पॉप सेंच्युरीत. डिस्नीच्या स्वस्त गटातलं हे हॉटेल २००३ सालचं, खोल्या २,८८०. एकेका इमारतीला एकेक दशक वाटून दिलंय, १९५० पासून १९९० पर्यंत. इमारती साध्याच, चार मजल्यांच्या, पण त्यांना लगटून उभ्या केलेल्या वस्तू अवाढव्य. जिन्याएवढ्या बोलिंगच्या पिना, यो-यो, रुबिकचा क्यूब, मिकीचा टेलिफोन, लहान पोराच्या तीनचाकीची चार मजली आवृत्ती. गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने वर्गणी जरा जास्त जमली म्हणून देखावा उभारावा आणि तो पुढे काढायचाच विसरावा, तसं ते सगळं दिसतं.

आमच्या चौतीस जणांनी ते दोन मिनिटं कौतुकाने पाहिलं आणि मग खोलीची दारं उघडली. दारं थेट बाहेरच्या गॅलरीत उघडतात. आतून जाणारा गालिच्याचा बोळ नाही, सामान वर न्यायला कुणी पाठीमागे येत नाही, नाश्ता भाड्यात धरलेला नाही. “हे तर लॉज झालं,” पुण्याचे एक सराफ म्हणाले, आणि तो शब्द रात्रीपर्यंत चौतीस जणांच्या तोंडी झाला. त्यात खाटांचा घोळ. खोलीत एकच मोठा पलंग दिसतो. दुसरा भिंतीत असतो. टेबल दिसतंय तिथलं हँडल धरून खाली ओढलं की टेबल खाली दडतं आणि गादी पुढे येते. मी हे बसमध्ये सांगितलं होतं, पण तेव्हा निम्मे लोक झोपले होते. रात्री अकरापर्यंत मी खोल्याखोल्यांतून खाटा पाडत फिरत होते. मग चहाच्या किटल्या. आपली किटली २२० व्होल्टची, तिथे वीज ११० ते १२०. पाणी तापता तापत नाही. आधणाची वाट बघत माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली आणि शेजाऱ्याशी हॉटेलबद्दल बोलू लागली.

मला मात्र त्या गॅलरीचा राग येईना. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात जण होतो. इथली खोली साधारण २६० चौरस फुटांची आणि न्हाणीघर स्वतंत्र.

हे हॉटेल असं का, याला कारण आहे. १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नीने कॅलिफोर्नियात पहिला पार्क काढला तेव्हा आजूबाजूची जमीन त्याच्या हातात नव्हती. बघता बघता भोवती मोटेलं, म्हणजे रस्त्याकडेची स्वस्त लॉजं, उगवली आणि राहण्याखाण्याचा पैसा शेजाऱ्यांकडे जाऊ लागला. फ्लोरिडात ती चूक नको म्हणून सुमारे २७ हजार एकर जमीन गुपचूप घेतली गेली. १९७१ मध्ये पार्क उघडला तो मोनोरेलच्या वाटेवरच्या दिमाखदार हॉटेलांसह. तरीही बेताच्या पैशात येणारं कुटुंब हद्दीबाहेर किसिमीच्या महामार्गावरच्या मोटेलांतच उतरायचं. त्यांतली बरीच आपल्या पटेल मंडळींची. शेवटी १९९४ मध्ये डिस्नीने ऑल-स्टार हॉटेलं बांधली, म्हणजे ज्या मोटेलला टाळायचं म्हणून एवढी जमीन घेतली तेच मोटेल रंग देऊन, भलेमोठे पुतळे लावून आत आणलं. पॉप सेंच्युरी त्याच घराण्यातलं.

आणि ते गरिबाचं नव्हे, हे आपल्या लोकांना पटवणं अवघड जातं. महामार्गावर याहून कमी पैशात याहून मोठी खोली मिळते. इथे येणारा पैसे देतो ते हद्दीच्या आत असण्याचे. पार्क सर्वांसाठी उघडण्याआधी अर्धा तास आत शिरता येतं, बस फुकट, तळ्यावरच्या पुलापासून रोपवे. मॅजिक किंगडमला, म्हणजे तो राजवाडा असलेल्या पार्कला, बाहेरून गाडीने येणाऱ्याला आधी लांब गाडी लावून पुढे बोटीने किंवा मोनोरेलने जावं लागतं. हॉटेलची बस थेट फाटकाशी सोडते. तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर असताना सकाळचा एक तास वाचणं म्हणजे काय, हे चार माणसांचं गणित करणाऱ्यालाच कळतं. पहिल्या रात्री धुलाईच्या खोलीत मला ओहायोतली एक बाई भेटली. शाळेची बस चालवते, चार पोरं, दर पाच वर्षांनी येते. पोरांचे टी-शर्ट यंत्रात कोंबत म्हणाली, “खोलीत आम्ही फक्त डोळे मिटतो.” दुसरं गिऱ्हाईक म्हणजे संघ. मेच्या सुरुवातीला चिअरलीडिंगच्या स्पर्धा असतात. केसांत वीतभर रिबिनी, गालांवर चमकी, अशा शेकडो मुली गॅलऱ्यांतून कोलांट्या मारत होत्या. आमचे सराफ यांपैकी कुठल्याच गटात बसत नव्हते. त्यांना दिवसा दोन तास हॉटेलात बसायचं होतं, आणि इथे बसायला कुणी येतच नाही.

असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅजिक किंगडमला गेलो, आबा सोडून. आबा शहात्तर वर्षांचे, एसटीच्या काटोल आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, मुलगा-सून-नातवाबरोबर आलेले. गुडघा दुखत होता आणि चाकाच्या खुर्चीत बसायचं नाही म्हणाले. “मी इथंच ठीक आहे. तुम्ही जा बाप्पा.”

साडेबाराला मुलाचा फोन आला. आबा फोन उचलत नाहीत, तासभर झाला. त्याचा आवाज फाटला होता. मी बाकीच्यांना सहा वाजता राजवाड्यासमोर जमायला सांगितलं, मुलाला म्हटलं तू पोराजवळ थांब, आणि परतीची बस धरली. हॉटेलचा एक कर्मचारी माझ्याबरोबर खोलीवर आला. दार उघडायच्या आधीचे ते चार सेकंद मी विसरणार नाही. आत कुणी नव्हतं. भिंतीतली खाट नीट वर ढकलून बसवलेली. फोन चार्जिंगला, त्यावर एकोणीस मिस्ड कॉल. काठी नाही, चपला नाहीत. म्हणजे आपल्या पायांनी गेले. एवढं तरी बरं.

पण २,८८० खोल्यांच्या हॉटेलात, पांढरी टोपी घातलेला, इंग्रजीची अक्षरं लावून वाचणारा पण बोलायला बिचकणारा माणूस शोधायचा कुठे? मी तलाव बघितला, खाण्याचा हॉल बघितला, तळ्यावरचा पूल ओलांडून पलीकडच्या हॉटेलातही जाऊन आले. ऊन असं की डोकं भणभणावं, आणि मेमधले ते जोडीजोडीने उडणारे काळे लव्हबग किडे अंगाला चिकटत होते. ऑफिसला फोन करायचा की नाही, हा विचार मी तीनदा पुढे ढकलला. केला असता तर पहिला प्रश्न ‘फॉर्मवर सही घेतली होती का’ हा आला असता.

शेवटी त्या चिअरलीडिंगच्या पोरींना फोटो दाखवला. एक जण ओरडलीच, “टोपीवाले आजोबा! त्यांनी आम्हाला आमची बस दाखवली.”

बस दाखवली?

मी थांब्यांकडे धावले. तिथे प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी रांग, वर पडद्यावर पुढची बस किती मिनिटांत येणार ते लिहिलेलं. आबा तिथे नव्हते. मी सावलीत बसले. दुसरं काही सुचतही नव्हतं. चार वाजायला आले तेव्हा डिस्नी स्प्रिंग्जची, म्हणजे डिस्नीच्या बाजारपेठेची, बस लागली आणि पुढच्या दारातून आधी काठी, मग टोपी खाली उतरली.

“अहो आबा!” माझ्या तोंडून एवढंच निघालं आणि रडू आलं. राग पण आला.

“काय झालं? कोण हरवलं?” आबांनी काळजीने विचारलं.

“तुम्ही!”

“मी काहून हरवीन? बत्तीस वर्ष गाड्या सोडल्या मी.”

झालं होतं असं. सकाळी ते थांब्यावर येऊन बसले. तासभर गाड्या बघितल्या आणि पद्धत ध्यानात आली. गाड्यांना तिकीट नाही हेही ध्यानात आलं. मग डिस्नी स्प्रिंग्जच्या गाडीत बसले, कारण पडद्यावर त्या नावाच्या गाड्या सारख्या येऊन राहिल्या होत्या. “जिथून सगळ्या गावच्या गाड्या सुटतात तो डेपो. तिथं पोचलं की मग भेव नाही.” तिथून खरंच सगळ्या हॉटेलांना गाड्या सुटतात. आबांनी त्यांतली ग्रँड फ्लोरिडियनची निवडली, नाव मोठं म्हणून. १९८८ चं ते हॉटेल, पांढरंशुभ्र, लाल छपरांचं, भाडं आमच्या तिप्पट-चौपट. तिथे दिवाणखान्यात खुर्चीवर बसून त्यांनी पियानो ऐकला.

“कसं होतं?” मी विचारलं. सराफांना सांगायला उपयोगी पडेल, असा हिशेबी विचार तेवढ्यातही मनात आलाच.

“लय झकास. पण तिथं बसून काय पाहायचं? सारे आपापलं गुपचूप बसून राहिले होते. इकडं कसं, गाडी येते, माणसं उतरतात, पोरी उड्या मारून राहिल्या. वेळ जाते.” मग ते पुन्हा ‘डेपो’ला आले आणि आपली गाडी धरून परत.

“फोन का नेला नाहीत?”

“चार्जिंग झालं नव्हतं ना.”

मुलाला फोन लावून दिला. पलीकडून बरंच काही ऐकून घेतल्यावर आबा शांतपणे म्हणाले, “हाव. हाव. खोली सापडते मले. मोगलीपासून डावीकडे, मग जिना.”

आमची इमारत १९६० च्या दशकाची आणि तिच्यापाशी बलू आणि मोगलीचे प्रचंड पुतळे आहेत. मी इतकी वर्षं या वस्तूंना बटबटीत म्हणत आले, आणि पर्यटकांना खोलीचे आकडे पाठ करायला लावत आले. तरी दर सहलीत दोघं-तिघं चुकीच्या इमारतीत जाऊन परक्याच्या दाराला कार्ड लावतात. आबांनी आकडा पाहिलाच नव्हता. “हा तं आपल्या शिवनीकडचा पोरगा,” चालता चालता ते पुतळ्याकडे काठी रोखून म्हणाले. “नागपूरहून जबलपूरकडे निघालं की त्याचंच जंगल लागते.”

संध्याकाळी मी सगळ्यांना घेऊन परतले तेव्हा आबांच्या गॅलरीत दोरी बांधलेली होती. कुठून आणली कोण जाणे. तिच्यावर त्यांची टोपी, नातवाची चड्डी आणि शेजारच्या पोरींचे दोन मोजे वाळत होते. असं काही बाहेर टांगायचं नसतं, हे सांगायची जबाबदारी माझी होती. मी उद्या सांगू म्हटलं. डिस्नीच्या एपकॉट पार्कच्या दिशेला आतषबाजी सुरू झाली तेव्हा चौदा-पंधरा जण कठड्याला टेकून बघत होते, सराफ पतिपत्नीसुद्धा. कुणाच्या तरी किटलीतलं पाणी अखेर उकळलं होतं आणि कागदी पेल्यांतून चहा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. सराफांनी दुसऱ्या दिवशी खोली बदलून मिळते का ते मला पुन्हा विचारलंच. मी चौकशी केली, नाही मिळाली.

परतीच्या विमानात अभिप्रायाचे फॉर्म गोळा केले. ‘निवास व्यवस्था’ या रकान्यात ऑरलँडोसमोर अकरा जणांनी ‘ठीक’, सात जणांनी ‘असमाधानकारक’ लिहिलं होतं. पोरं बरोबर असलेल्या बहुतेकांनी ‘उत्तम’. आबांनी रकान्याची जागा पुरली नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर एसटीच्या अहवालासारखं अक्षर काढलं होतं:

‘गाड्या वेळेवर. दुपारी १ ते २ मध्ये डेपोकडील एक फेरी कमी पडते. मोगलीची मूर्ती चांगली. खाट भिंतीतून निघते, याची प्रवाशांस पूर्वसूचना द्यावी.’